निवडून आलात, आता झाकणं गोळा करा

आज सकाळी मावसभावानं घरच्या ग्रुपवर एक रील टाकलं. जपानमधली शाळा, कडक इस्त्रीचे युनिफॉर्म, माइकसमोर एक मुलगी, खाली सगळी मुलं रांगेत चिडीचूप बसलेली. वर लिहिलेलं, 'जपानमध्ये शाळा विद्यार्थीच चालवतात, आणि आपल्याकडे?' खाली टाळ्यांचा पाऊस. 'म्हणूनच ते पुढे गेले' हेही आलंच. एका काकांनी मला टॅग करून विचारलं, "खरं ना गं?"

तेव्हा डबे भरत होते, म्हणून गप्प बसले. आता सगळे झोपलेत, तर लिहिते.

खरं आहे काका. शाळा विद्यार्थीच चालवतात. फक्त ती कुठे न्यायची, हे त्यांना कुणी विचारत नाही.

माझी लेक तोक्योतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या सेइतोकाईची, विद्यार्थी मंडळाची, खजिनदार आहे. शाळेत नाव घातलं की प्रत्येक मूल आपोआप या मंडळाचं सभासद होतं, वर्गणीही भरतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडून येतात. अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टून मालिकांत, हे लोक शाळेवर राज्य करतात, मुख्याध्यापकसुद्धा त्यांना टरकून असतात. आमच्याकडे पुण्याहून आलेला भाचा तिच्याकडे मंत्री भेटल्यासारखा बघत होता.

आता हिची निवडणूक कशी झाली ते ऐका. भाषण आधी लिहून सरांना दाखवायचं असतं. हिनं लिहिलं होतं, 'मी निवडून आले तर हिवाळ्यात वर्गात गुडघ्यांवर छोटं पांघरूण घ्यायची परवानगी मिळावी म्हणून प्रयत्न करीन.' बस्स, एवढंच. जानेवारीत त्या खिडक्यांशी बसून बघा एकदा, स्कर्ट घालून. सरांनी त्या वाक्यावर पेन्सिलीनं एक सरळ रेघ मारली आणि वर सुंदर अक्षरात लिहून दिलं, 'सगळ्यांना हसतखेळत यावंसं वाटेल अशी शाळा आपण घडवू या.'

तिनं तेच वाचलं. शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, मतदान झालं. मतपेट्या खऱ्या! इथली निवडणूक कार्यालयं शाळांना त्या वापरायला देतात, मुलांना लोकशाहीची सवय लागावी म्हणून. खजिनदारपदाला उमेदवार ही एकटीच, त्यामुळे चिठ्ठीवर गोल करा नाहीतर फुली; गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नको. गोल जास्त पडले. अभिनंदन झालं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं, लाल पिसाच्या वर्गणीचा, म्हणजे समाजकार्यासाठीच्या देणगीचा, डबा धरायचा आणि प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं गोळा करायची.

झाकणं गोळा करण्याला माझा विरोध नाही हो. ती विकून त्या पैशातून लसी जातात, चांगलं काम आहे. पण त्यासाठी मतपेटी कशाला लागते?

आणि हे कायम असंच नव्हतं. युद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यात देश असताना शाळाशाळांत ही मंडळं उभी राहिली, ती मुलांना लोकशाही हातानं करून कळावी म्हणूनच. मग १९६९ आलं. जानेवारीत तोक्यो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहात विद्यार्थी आणि पोलीस यांची धुमश्चक्री झाली, तो वारा हायस्कूलपर्यंत पोचला, पोरांनी बाकं रचून दारं अडवली. ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंत्रालयाचं परिपत्रक निघालं: हायस्कूलच्या मुलांना राजकारणापासून लांब ठेवा. ते उठलं थेट २०१५ मध्ये, मतदानाचं वय १८ करायचा कायदा झाल्यावर. म्हणजे आज मुलांना 'तुम्ही बोलत का नाही?' असं विचारणारे निम्मे आजी-आजोबा आणि आईबाप स्वतः तोंड बंद ठेवूनच हायस्कूल पास झालेत. आणि २०१५ च्या नव्या परिपत्रकातही शाळेबाहेर थोडी मोकळीक दिली, पण सेइतोकाईच्या कामात राजकारण आणायला बंदीच.

गुडघ्यावरचं पांघरूण हे राजकारण आहे का, हे मला कुणीतरी सांगा.

माझी पोर चिवट निघाली, हे मात्र सांगायलाच हवं. भाषणात नाही तर नाही. मंडळाची एक सूचनापेटी आहे, तिला ते मेयासुबाको म्हणतात. हे नाव तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, शोगुन योशिमुने, याच्या पेटीचं. १७२१ मध्ये त्यानं एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, लोकांसाठी पेटी ठेवली होती, चिठ्ठ्या स्वतः वाचायचा. त्यातल्या एका चिठ्ठीवरून पुढच्याच वर्षी कोइशिकावात गरिबांसाठी दवाखाना उभा राहिला. राजेशाही थाटाचा हुकूमशहा तो, पण चिठ्ठीला उत्तर म्हणून दवाखाना बांधला!

आमच्या पेटीतही पांघरुणाच्या चिठ्ठ्या आल्या, बऱ्याच आल्या. मंडळानं त्या नीट मांडून सरांकडे दिल्या. काही दिवसांनी तोंडी निरोप आला: शिक्षकांच्या सभेत विषय झाला, यंदा आहे तसंच राहू दे. का? ते नाही सांगितलं. वर्ग गबाळा दिसतो, असं म्हणे.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये येईलच की बाई, तू फक्त वाईट बघतेस. बरं, चांगलंही सांगते. शाळेचा सांस्कृतिक महोत्सव या मुलांनी जो उभा केला, तो आपल्याकडच्या इव्हेंटवाल्यांनी येऊन बघावा. कुठल्या वर्गाला कुठली खोली, स्टेजवर कुणाला किती मिनिटं, कचरा कुठे, सगळं कागदावर. क्लबांना पैसे वाटतानाचा हिचा हिशेब मी पाहिलाय, येनला येन जुळलेला. बेसबॉलवाल्यांना नाही म्हणायला धाडस लागतं. नागानोतल्या तात्सुनो हायस्कूलमध्ये तर १९९७ पासून विद्यार्थी, पालक आणि शिक्षक एका टेबलावर बसून शाळेच्या प्रश्नांवर बोलतात. मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही आता नियमांचा फेरविचार करताना मुलांना सामील करून घ्या असं आहे. आहे, मान्य. आमच्या फाटकातून ते अजून आत आलेलं नाही एवढंच.

आणि महाराष्ट्राचं नाव काढू नका. आपण कॉलेजच्या निवडणुका १९९४ च्या कायद्यानं बंद केल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले. निदान इथे मतपेटी तरी आहे.

हे टाइप करेपर्यंत त्या सरांवरचा राग थोडा उतरलाय, का ते सांगते. पेन्सिलीची ती रेघ मला अजून दिसते, खोटं नाही बोलत. पण पालकसभेनंतर ते सर जिन्यात भेटले. रात्रीचे आठ वाजून गेलेले, हातात क्लबच्या मुलांचे फॉर्म. मी विचारलंच, "सर, सभेत किती जण बाजूनं होते?" ते हसले. म्हणाले, "आमच्यात मोजत नाहीत."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याच्या जपानी सहकाऱ्यानं, ज्याची बायको शिक्षिका आहे, दुसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं. तोक्योच्या शिक्षण मंडळानं २००६ मध्ये परिपत्रकच काढलंय: सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या सभेत हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून मत घ्यायचं नाही. निर्णय मुख्याध्यापकांचा. त्याआधी २००० मध्ये देशभरासाठी नियम झाला होता की ही सभा मुख्याध्यापकांना मदत करण्यापुरती.

म्हणजे बघा. त्या इमारतीत मुलांची मतं मोजली जातात आणि मास्तरांची मोजत नाहीत! ज्या माणसाला स्वतःच्या सभेत हात वर करता येत नाही, तो माझ्या मुलीला कसला हक्क देणार? त्यानं पेन्सिल वापरली, लाल पेन नाही, हेही मला आता आठवतंय. कदाचित त्यांना माहीत असेल की वर गेल्यावर या वाक्याचं काय होतं, आणि जिमभर मुलांसमोर वचन देऊन ही तोंडावर पडायला नको.

कदाचित. तरीसुद्धा रेघ मारायला नको होती. पडू दे ना तोंडावर. सोळा वर्षांची आहे, उठेल.

मला हे इतकं का लागतंय, तेही लिहूनच टाकते. पुढच्या वर्षी तिच्या वर्गातल्या मुली अठराच्या होतील आणि मतदानाला जातील. ही जाणार नाही. आमचा पासपोर्ट भारताचा, इथे परदेशी माणसाला संसदेपासून वॉर्डापर्यंत कुठेच मत नाही. भारतात मत द्यायचं तर त्या दिवशी तिथे हजर पाहिजे, म्हणजे परीक्षा सोडून विमान. या देशात तिच्या हातात आलेली एकमेव मतपत्रिका सेइतोकाईची. तिच्यावर गोल करून पोरांनी हिला निवडलं, आणि ती पांघरुणाविषयी विचारते तेव्हा उत्तर येतं, तेही तोंडी.

दादा, रील डिलीट करू नकोस, राहू दे. आणि जपानमध्ये असलेल्या मंडळींनो, तोक्यो, योकोहामा, नागोया, कुठलेही असा, ज्यांची मुलं इथल्या हायस्कूलमध्ये आहेत त्यांनी मला एवढंच सांगा: तुमच्याकडे सेइतोकाईनं मागितलेली गोष्ट नाकारली, तर कारण लिहून देतात का? कुणाकडे तसा कागद असेल तर शाळेचं नाव झाकून फोटो पाठवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत लेक हीच मागणी मांडणार आहे, पांघरुणाची नाही, लेखी कारणाची. नमुना हाताशी असलेला बरा.