"एमटीयूचं कर्नल बघून घेतो" म्हणे!

ईबीपीएफ (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आपले छोटे प्रोग्राम चालवायची सोय) शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: "पॅकेट रीडायरेक्ट करा आणि मोकळे व्हा. मोठं झालं तर कर्नल तुकडे करेल. फारच झालं तर एमएसएस क्लॅम्प करा." (एमटीयू म्हणजे इंटरफेसवरून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी. एमएसएस क्लॅम्प म्हणजे टीसीपी जोडणी होतानाच सेगमेंटची कमाल लांबी कमी करून टाकणं.)

तुकडे करतो आयपी थर, आणि रीडायरेक्ट वेगवान होतो तो हाच थर टाळून. टीसीमधून (कर्नलच्या रहदारी-नियंत्रणाच्या पायरीवरून) बाहेरच्या दिशेने बीपीएफ_रीडायरेक्ट केलं की पॅकेट थेट दुसऱ्या इंटरफेसच्या रांगेत जातं. वाटेत एमटीयू कोणी विचारत नाही, लांब फ्रेम पुढे ड्रायव्हर किंवा कार्ड टाकून देतं. एक्सडीपीत (ड्रायव्हरपाशीच, नेहमीच्या स्टॅकच्या आधी चालणाऱ्या पायरीवर) तपासणी आहे, पण पॅकेट बसत नसेल तर ते टाकलं जातं, एवढंच. पाठवणाऱ्याला 'पॅकेट मोठं आहे' असं कळवणारा आयसीएमपी संदेश कुठूनच जात नाही. म्हणून पिंग चालतो, टीसीपी जोडणी होते, आणि मोठी फाइल सुरू झाली की सगळं ठप्प. पॅकेट टिपणारं टीसीपीडंप लावून बसलात तर एक्सडीपीत हरवलेलं पॅकेट दिसणारही नाही. एक्सडीपी_रीडायरेक्ट_ईआरआर (xdp_redirect_err) हा ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधली नोंदीची जागा, बघावी लागते.

दाव्यात तथ्य आहे ते एकाच वाटेवर. बीपीएफ_एफ_इनग्रेस हा फ्लॅग लावून पॅकेट आत वळवलं, तर लिनक्स 5.12 पासून तिथली एमटीयू तपासणी काढलेली आहे. मोठं पॅकेट नेहमीच्या स्टॅकमध्ये शिरतं, आणि पुढे फॉरवर्ड होताना लागलं, व पॅकेटचे तुकडे करायला मनाई नसेल, तर त्याचे तुकडे होतात.

गैरसमजाचं मूळ बहुधा जुन्या कर्नलमध्ये आहे. 5.12 पूर्वी बीपीएफ_एसकेबी_ॲडजस्ट_रूमसारखे हेल्पर (ईबीपीएफ प्रोग्रामसाठी कर्नलने दिलेली फंक्शन्स) एमटीयूपलीकडे पॅकेट वाढवू देत नसत. पण तो एमटीयू असायचा पॅकेट सध्या ज्या इंटरफेसवर आहे त्याचा. जायचं कुठे आहे, याचा त्यात विचारच नव्हता.

"मग एसकेबीची (कर्नल पॅकेट ज्यात ठेवतो त्या रचनेची) लांबीच ताडून बघू" हेही फसवं. 1500 बाइटचं आयपी पॅकेट टीसीत 1514 दिसतं, कारण इथरनेट हेडर धरलेलं असतं. जीएसओ (अनेक सेगमेंट एकत्र ठेवून अगदी शेवटी तोडायची सोय) असेल तर लांबी 64 केबीच्या घरात जाते आणि तरीही पॅकेट बिनघोर निघतं.

यासाठी 5.12 मध्येच बीपीएफ_चेक_एमटीयू हा हेल्पर आला. समजा आयपीव्ही4 वरून व्हीएक्सलॅन, म्हणजे पॅकेटवर दुसऱ्या पॅकेटचं आवरण, लावायचं आहे. आवरण चढवण्याआधीच लांबीतला फरक म्हणून 50 द्या आणि ज्या इंटरफेसवर धाडायचं त्याचा इंडेक्स द्या. शून्य दिलात तर तपासणी सध्याच्याच इंटरफेसची होते, आणि घोळ तिथल्या तिथे! उत्तर 1 आलं तर पॅकेट बसत नाही, आणि एमटीयूचा आकडाही हाती येतो. तो 1500 असेल तर 1450 लिहून आयसीएमपी तुम्हीच तयार करून परत पाठवायचा. जीएसओ पॅकेटला मात्र हा हेल्पर एरवी शून्य, म्हणजे 'ठीक', सांगतो. सेगमेंट तपासायला बीपीएफ_एमटीयू_सीएचके_सेग्स हा फ्लॅग लागतो, आणि त्याच्यासोबत लांबीतला फरक चालत नाही. म्हणजे ही तपासणी आवरण चढवल्यावरच.

राहता राहिलं एमएसएस क्लॅम्प. ते टीसीपीच्या सिन, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या, पॅकेटांपुरतं. आधीच सुरू असलेल्या जोडण्यांना ते लागू होत नाही, आणि यूडीपीला, म्हणजे त्यावर चालणाऱ्या क्विक प्रोटोकॉललाही, त्याचं काही सोयरसुतक नाही.