जॅक ट्राइसवरची ती पोस्ट पुढे पाठवण्याआधी

जॅक ट्राइसवरची एक पोस्ट पुन्हा पुन्हा फिरते. सारांश असा : अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या शेतकी कॉलेजातला हा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू १९२३ साली पहिल्याच सामन्यात मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध उतरला, गोऱ्या खेळाडूंनी त्याला ठरवून तुडवून मारलं आणि कॉलेजनं स्टेडियमला त्याचं नाव देऊन त्याचा सन्मान केला.

तो पहिला सामना नव्हता. आठवडाभर आधी जॅक सिम्प्सन कॉलेजविरुद्ध खेळला होता. घोटाळा झाला तो बहुधा त्याच्याच पत्रामुळे. ६ ऑक्टोबरच्या सामन्याच्या आदल्या रात्री त्यानं हॉटेलच्या कागदावर लिहिलं, की हा आपल्या आयुष्यातला पहिला खरा कॉलेज सामना आहे आणि वंशाची, घराची, स्वतःची इभ्रत पणाला लागली आहे.

आता ‘ठरवून मारलं’. अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंगावर धावून जाण्याचा खेळ. पहिल्या अर्धात त्याचं कॉलरबोन मोडलं, तरी तो खेळत राहिला. उत्तरार्धात समोरून येणाऱ्यांना अडवायला त्यानं स्वतःला जमिनीवर झोकून दिलं, तो पाठीवर पडला आणि खेळाडू त्याच्यावरून गेले. मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी त्याला प्रवासाला परवानगी दिली. ८ ऑक्टोबरला कॉलेजच्या गावी, एम्स इथं, तो वारला, अंतर्गत रक्तस्रावानं. बघणाऱ्यांपैकी कुणी याला खून म्हणालं, कुणी खेळातला अपघात. पुरावा आजही नाही. वंशद्वेष नव्हता असं मी मुळीच म्हणत नाही. तेव्हा अनेक कॉलेजं कृष्णवर्णीय खेळाडू समोर असेल तर खेळायलाच नकार देत. मिनेसोटाशी पुढचा सामनाही थेट १९८९ मध्ये झाला. पण संशय म्हणजे सिद्ध झालेला खून नव्हे.

सगळ्यात जास्त खटकतं ते सन्मानाचं वाक्य. १९२४ साली व्यायामशाळेत एक फलक लागला आणि जॅक विस्मरणात गेला. १९७३ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी नव्या स्टेडियमला त्याचं नाव द्या म्हणून चळवळ उभी केली. स्टेडियम १९७५ मध्ये सुरू झालं, नावाशिवाय. १९८४ मध्ये तडजोड निघाली : मैदानाला जॅकचं नाव, स्टेडियमला ‘सायक्लोन’ हे कॉलेजच्या संघाचं नाव. संपूर्ण स्टेडियमला त्याचं नाव मिळालं १९९७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ७४ वर्षांनी. एकामागून एक पिढ्यांतल्या मुलांनी हा विषय सोडला नाही, म्हणून ते घडलं. त्याचं श्रेय संस्थेच्या खात्यावर टाकणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

आणि पोस्टमध्ये जे नाहीच, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जॅक पशुसंवर्धन शिकत होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांमध्ये जाऊन काम करायचं, हे त्याचं स्वप्न. हीच वाट त्याच कॉलेजातून १८९६ मध्ये टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या संस्थेत गेलेल्या कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांनी घालून दिली होती. मराठी वाचकांचे लाडके कार्व्हर या कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि तिथे असताना फुटबॉल संघाच्या पोरांचे दुखरे स्नायू चोळून देणारेही तेच.