पेप्टाइड घेताना सूत मोजू नये

सोलापूरचा माणूस चादर घ्यायला गेला की दुकानदाराला घाम फोडतो. घडी उलगडायला लावतो, उजेडाकडे धरून वीण बघतो, ओला रुमाल घासून रंग जातो का ते तपासतो आणि वर विचारतो, "पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवताय काय?" चादरीला हे ठीक आहे. पेप्टाइडचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचं, इंजेक्शन मागवताना मात्र ही सवय घरी ठेवून यावी. ती चादर नुसती अंगावर घ्यायची असते. हे अंगात जाणार आहे, इथे कसली चौकशी!

कुणी शंका काढलीच तर तोंडावर फेकायचं, "इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच आहे की!" खरंच आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन जोडलेल्या साखळ्या, १९२२ पासून माणसं वाचवताहेत. त्यांच्या पुण्याईवर बाकीच्या सगळ्या साखळ्या तरल्या पाहिजेत. तुमच्या आडनावाचा एक जण कलेक्टर झाला म्हणून तुमच्या दारातही सरकारी गाडी यावी, तसंच हे.

आता 'बीपीसी-१५७', दुखापत लवकर भरते म्हणून विकलं जाणारं पेप्टाइड. तालमीपासून जिमपर्यंत सध्या हेच नाव. पुरावा भक्कम आहे: उंदरांचे तुटलेले स्नायुबंध जुळले. एक नाही, कितीतरी प्रयोगांत. त्यातले बरेचसे क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच चमूचे आहेत, पण एकाच घरातल्या दहा जणांनी साक्ष दिली तर ती दहा साक्षी धरायच्या, हे आपल्याला भावकीच्या भांडणांतून ठाऊक आहेच. माणसांवर काय झालं, हे विचारू नये. गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या विसाहून कमी रुग्णांना नंतर विचारलं, 'बरं वाटतंय का?' न घेतलेल्यांशी तुलना नाही. २०२५ मध्ये शिरेतून देऊन सुरक्षितता तपासली, ती दोन माणसांवर. दोन! पार्क चौकातला रिक्षावालाही दोन शिटांवर गाडी हलवत नाही.

तुलनेचा गट हा शत्रू समजावा. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडची २०२१ ची चाचणी बघा. तेही पेप्टाइडच, पण तिथल्या लोकांनी किती कटकट केली! १९६१ माणसं, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. आणि नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही २.४ टक्के उतरलं, कारण खाण्यापिण्याचा सल्ला दोघांनाही होता. आता हा दुसरा गटच ठेवला नसता, तर ते २.४ टक्केही औषधाच्याच खात्यात जमा झाले नसते का? आपण आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लावावेत, दुसऱ्यात पोट आत ओढावं, काम झालं.

काळ हा औषधाचा जुना भागीदार आहे, त्याचंही नाव घेऊ नये. आमच्या ओळखीतल्या एकाचा खांदा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलताना दुखावला. संक्रांतीला दुखला, महाशिवरात्रीपर्यंत उतरला. मधल्या काळात त्याने विश्रांती घेतली, शेक घेतला, वजन उचललं नाही आणि चार बाटल्या टोचल्या. श्रेय कुणाला, हे विचारायची गरज आहे?

खेळाडूंसाठी २०२२ पासून बीपीसी-१५७ वर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी आहे. ही तर जाहिरातच! "लागू पडतं म्हणून तर बंदी" असं ठासून म्हणावं. ज्या औषधांना माणसांसाठी कुठल्याच नियामकाची मंजुरी नाही, त्यांच्या रकान्यात ते टाकलंय, एवढा बारीक मजकूर कोण वाचतो?

बाटलीवरचाही वाचू नये. 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं तिथे इंग्रजीत असतं. घाबरू नका. तुम्ही संशोधनच करताय, प्राणी तेवढा घरचा.

माझ्या भाच्याने कुरिअरने अशा तीन बाटल्या मागवल्या. मी विचारलं, "किती माणसांवर तपासलंय रे?"

"मामा, तुम्ही शंका लई घेता बघा," म्हणाला.

तिथून आम्ही शेंगाचटणी घ्यायला गेलो. त्याने तीन बरण्यांतली चिमूट चिमूट जिभेवर ठेवली, कुटून केलेली की मिक्सरची ते विचारलं, लसूण कधीचा ते विचारलं, आणि चौथ्या दुकानात पाव किलो घेतली.