बडोद्याचा वेढा आणि थकलेला पगार

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला: '१८०२ साली इंग्रजांनी तोफा डागून बडोदं जिंकलं.' राग येतो हो. बडोद्यातल्या मांडवी दरवाजाच्या सावलीत वाढलेल्या आपल्याच माणसांनी हे पुढे ढकलावं?

तोफा होत्या, नाकारत नाही. डिसेंबर १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा मेजर वॉकर फौज घेऊन शहराभोवती बसला होता. पण वेढा कोणाला? गायकवाडांच्याच पगारी अरब सिबंदीला, म्हणजे भाडोत्री शिपायांना! महाराज आनंदराव आत होते, आपल्याच पहारेकऱ्यांच्या कैदेत.

हे कसं घडलं ते नीट बघा. माणसं जमादार, म्हणजे शिपायांचा म्होरक्या, आणायचा; पगार सरकारातून. वसूल यायचा पिकं निघाल्यावर, शिपायाचं पोट मात्र रोजचं. मधली तूट सराफ व्याजाने भरायचा आणि परगण्यांचा वसूल आपल्याकडे लावून घ्यायचा. पुढच्या साली तिजोरीत तेवढं कमी, म्हणून पुन्हा कर्ज, पुन्हा पगार तटलेला. शिपायाला काढावं तर आधी बाकी चुकती करा. ती करायला पैसा कुठे होता? म्हणून ज्यांना काढायचं, तेच वाड्याच्या दारावर पहाऱ्याला.

त्यात बहांदरी, म्हणजे जामीनकी. दरबाराच्या शब्दावर कोणी विसंबेना, तेव्हा सावकाराचं कर्ज असो की कारभाऱ्याच्या जिवाचं अभय, अरब जमादार जामीन राहायचा. करार मोडला की तो हत्यारबंद माणसं घेऊन दाराशी हजर. धन्याने शब्द पाळला की नाही, हे बघणार त्याचाच चाकर! जमादार शब्दाचे पक्के होते, एवढं द्यावं लागेल. नाहीतर सावकारांनी थैल्या सोडल्याच नसत्या.

दिवाण रावजी आप्पाजींनी इंग्रजांना आणलं. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्या असत्या. पण धनी कैदेत, तिजोरी रिकामी. त्या माणसापुढे दुसरा रस्ता कोणता होता, सांगा.

वेढा उठला तो अरबांची सुमारे १७.५ लाखांची थकबाकी चुकवायचं ठरल्यावर. तीही उसन्या पैशाने, कंपनीच्या हमीवर. खरी गोम इथे आहे. अरब गेले, त्यांच्या बहांदऱ्या कंपनीने आपल्या अंगावर घेतल्या. १८०५ च्या तहात ३,००० पायदळाची तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून द्यावा लागला. आता बहांदरीवाला सावकार गाऱ्हाणं घेऊन वाड्यावर कशाला जाईल? तो रेसिडेंटकडे, म्हणजे कंपनीच्या दरबारातल्या प्रतिनिधीकडे जायचा.

आनंदराव १८१९ मध्ये गेले. त्यांचं नाव घेतलं की मला तो पहारा आठवतो, आणि राग जरा उतरतो. १८२० मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने आनंदरावांचे भाऊ आणि वारस दुसरे सयाजीराव यांच्या हाती कारभार दिला, पण सावकारांना दिलेल्या हम्या पाळायच्या या अटीवर. कर्ज फिटेना, तेव्हा १८२८ मध्ये कंपनीने काही महाल, म्हणजे वसुलाचे परगणे, जप्त केले. त्यासाठी शहराला वेढा घालावा लागला नाही.