बॅटरी बदलण्याआधी गाडीचा आवाज ऐका

गेले काही दिवस आमच्या नातेवाइकांच्या, गल्लीतल्या आणि शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: जुनी गाडी सुरू होत नसेल तर गॅरेजला पैसे घालवू नका, दहापैकी नऊ वेळा बॅटरीच गेलेली असते, सरळ नवीन टाका. हेडलाइट लागत असूनही गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, गेला समजा. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर कोल्ड्रिंक ओता. सुरू होईपर्यंत सेल्फ मारत राहा आणि ॲक्सिलरेटर पंप करा. उन्हात बंद पडली तर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. हायवेवर अडकलात तर ट्रकवाल्याकडून जंप घ्या, म्हणजे त्याच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू करा, नाहीतर धक्का मारा. आणि सुरू झाल्यावर बॅटरीची एक वायर काढून बघा, इंजिन चालू राहिलं तर डायनामा (बॅटरी चार्ज करणारा भाग) चांगला.

सोलापूरच्या दमाणी नगरातल्या माझ्या काकांनी हा मेसेज वाचला आणि त्यांच्या १९९८ सालच्या मारुती ८०० मध्ये नवी बॅटरी टाकली. साडेतीन हजारांच्या वर गेले. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये दुकानात जमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "नवीन टाकली की रे, तरी उचलंना." त्यांची पेन्शन केवढी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून या मेसेजला एकदा नीट उत्तर द्यावं असं वाटलं.

पहिलाच दावा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. "दहापैकी नऊ वेळा" हा आकडा कुठून आला हे मेसेजमध्ये कुठेच नाही. बॅटरी हे एक नेहमीचं कारण आहे, यात वाद नाही. सोलापुरात तर जास्तच, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि उष्णतेने बॅटरीच्या आतल्या प्लेटा लवकर झिजतात, पाणी उडतं. मेमध्ये झालेली झीज बहुतेकदा डिसेंबरच्या पहाटे उघडी पडते, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद कमी पडते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं. पण "गाडी सुरू होत नाही" हा एक आजार नाही, किमान चार वेगळे आहेत, आणि ते किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखता येतात.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे, होते. माग बंद पडला की पान्याला हात घालण्याआधी ते कामगाराला विचारायचे, "बंद पडताना आवाज कसला आला?" गाडीलाही हाच प्रश्न आधी विचारायचा असतो.

किल्ली फिरवली आणि काहीच आवाज नाही: बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, टर्मिनल सैल असेल, किंवा किल्लीच्या स्विचपासून सेल्फकडे जाणारी बारीक वायर निसटलेली असेल. टकटकटक असा भराभर आवाज: करंट अपुरा आहे, म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी खराब आहे. एकच "टक" आणि पुढे शांतता: सेल्फचा सोलेनॉइड (किल्ली फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच), आतले कार्बन, किंवा जाड वायर नाहीतर अर्थ, म्हणजे इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतायची जोडणी. आणि इंजिन नेहमीसारखं छान फिरतंय पण पेट घेत नाही: इथे बॅटरीवर शंका घेण्याचं कारणच उरत नाही. ती तिचं काम करतेय.

या शेवटच्या प्रकारात एक स्पार्क प्लग काढून बघा. प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. मग कॉइल, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, पॉइंट, कंडेन्सर बघायचे. गाडी धुतल्यावर किंवा पावसात टोपीच्या आत ओल धरली तरी असंच होतं. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. टाकीचा काटा जुन्या गाडीत खोटं दाखवू शकतो, म्हणून आधी दोन लिटर पेट्रोल टाकून पाहायला लाज बाळगू नका. २००० सालानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर येते. ती आली नाही तर फ्यूज, रिले, मग पंप. आणि इंजिन नेहमीपेक्षा फार हलकं, भिरभिर फिरत असेल तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि काही इंजिनांत अशा वेळी सेल्फ मारत राहिलं किंवा धक्का मारला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आता हेडलाइटचा दावा. यात काका फसले नाहीत, पण त्यांचा शेजारी याच वाक्यावर सेल्फ उतरवायला सांगत होता. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फलासुद्धा पहिल्या झटक्याला शंभरहून जास्त अँपिअर लागतात. म्हणजे अर्धी उतरलेली बॅटरीही दिवे व्यवस्थित लावेल आणि सेल्फ उचलणार नाही. नुसते दिवे लागतात की नाही यावरून काहीच ठरत नाही. दिवे लावून ठेवा आणि मग किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि नुसतं टक झालं तर बॅटरीत ताकद असून ती सेल्फपर्यंत पोचत नाही, किंवा सेल्फच खराब आहे.

काकांच्या गाडीत दिवे लख्ख राहिले. मी गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवलं, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. काकांना किल्ली फिरवायला सांगितलं. अर्थिंग नीट असेल तर इथे पाव व्होल्टच्या आसपास दिसावं, अर्धा व्होल्ट म्हणजे शंका घ्यावी. मीटरने दोन व्होल्टच्या वर दाखवलं. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची विणलेली पट्टी खालच्या बाजूला बोल्टपाशी गंजून भुगा झाली होती. दिव्यांचं अर्थिंग बॉडीतून असल्याने दिव्यांना काही फरक पडत नव्हता. बोनेटखाली हात घातला तर ॲक्सिलरेटरची केबल कोमट लागली. नीट रस्ता नाही म्हटल्यावर करंट त्या बारीक केबलमधून वाट काढत होता. ही खूण लक्षात ठेवा, कारण त्याच उष्णतेने केबल आतून खराब होते.

नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली. खर्च दीडशे रुपयांच्या आत. जुन्या बॅटरीत जीव होता की नाही हे आता कळायला मार्ग नाही, कारण ती कधीच दुकानात गेली होती. म्हणून सांगते, बॅटरी बदलायचीच असेल तर आधी मोजा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी मेलेलीच असते असं नाही, आधी चार्जिंगला लावून बघा. मग सेल्फ मारताना मोजा. भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती खरोखर थकली आहे आणि तेव्हा नवीन जरूर घ्या.

कोल्ड्रिंकबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यातल्या आम्लाने साका सुटतो, पण मागे साखरेचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. बॅटरीतून येणारा साका आम्लाचा आहे, त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, फेस येईल, मग साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढा, बसवताना निगेटिव्ह शेवटी बसवा. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं किंवा नळाचं नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

"सुरू होईपर्यंत सेल्फ मारत राहा" या सल्ल्याने चांगला सेल्फ जळतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. ॲक्सिलरेटर पंप करण्याचं म्हणाल तर कार्बोरेटरच्या (इंजेक्शन येण्याआधीच्या) गाडीत गार इंजिनाला एक-दोनदा पंप करणं ठीक आहे, कारण प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. त्याहून जास्त केलं की पेट्रोल ओव्हर होतं आणि प्लग भिजतात. मग पेडल पूर्ण दाबून तसंच धरायचं, पंप न करता सेल्फ मारायचा, म्हणजे हवा जाऊन प्लग सुकतात. इंजेक्शनच्या गाडीत पंप केल्याने पेट्रोल वाढतच नाही. बहुतेक अशा गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कॉम्प्युटर उलट पेट्रोल बंद करतो, त्यामुळे ओव्हर झाल्यावर ही युक्ती तिथेही चालते.

ओल्या फडक्याची गोष्ट मात्र खरी आहे, पण कार्बोरेटरच्या गाड्यांपुरतीच. ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती मे महिन्यात तुळजापूरला नेली आहे त्यांना हे माहीत असेल. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन बंद केल्यावर त्याच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. ओलं फडकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं बोनेट उघडं ठेवलं की काम होतं. फक्त पाणी डिस्ट्रिब्यूटरवर गळू देऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली असतं, तिथे फडकं कशावर टाकणार? ती गाडी गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा भाग) किंवा कॉइल तपासा. हे भाग गरम झाले की दगा देतात आणि गॅरेजला पोचेपर्यंत गार होऊन नीट चालतात, म्हणून मेकॅनिकला "गरम असतानाच बंद पडते" हे आवर्जून सांगा.

ट्रकच्या जंपबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपलं शहर पुणे-हैदराबाद हायवेवर आहे, विजापूरचा आणि तुळजापूरचा रस्ताही इथूनच फुटतो. रात्री गाडी बंद पडली तर थांबणारा पहिला माणूस बहुतेक ट्रक ड्रायव्हरच असतो, आणि तो मनापासून मदत करतो. पण मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते २४ व्होल्ट तुमच्या कारला मिळाले तर बल्ब, डायनाम्याचे डायोड आणि इंजेक्शनची गाडी असेल तर तिचा कॉम्प्युटर एका क्षणात जाऊ शकतो. बोरामणीजवळ माझ्या मैत्रिणीच्या भावाच्या गाडीचं हेच झालं. बॅटरी उतरल्याचं निमित्त होतं, बिल कॉम्प्युटरचं आलं. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेता येतात आणि जाणकार ड्रायव्हर तसं करतातही, पण अंधारात कुठला खांब कुठे जोडलाय हे खात्रीने कळत नसेल तर नाही म्हणा आणि दुसऱ्या कारची वाट बघा.

कारकडून जंप घेताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीपाशी हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ती ठिणगी लांब पडू द्यायची.

धक्का मॅन्युअल गिअरच्या गाडीलाच चालतो. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आल्यावर क्लच सोडायचा. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि कॉम्प्युटरला लागेल एवढी तरी बॅटरी शिल्लक हवी. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि इंजिन बंद असताना ब्रेक फार जड लागतो हे धक्का मारणाऱ्यांनाही आधी सांगा, उतारावर तर नक्कीच.

राहिली चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची गोष्ट. ही पद्धत खऱ्या डायनामोच्या काळातली आहे. आज आपण ज्याला डायनामा म्हणतो तो अल्टरनेटर असतो. बॅटरी त्याच्या करंटचे चढउतार झेलत असते. ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटीने उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा कॉम्प्युटर उडू शकतो. तपासायला गेलात आणि चांगला अल्टरनेटर घालवून बसलात, असं होतं. वायर न काढता चालू इंजिनावर बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर टेकवा. १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग चांगलं आहे. १३ च्या आसपासच अडकलं असेल तर आधी बेल्ट सैल आहे का बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब आहे आणि तो नव्या बॅटरीलाही उकळवून संपवेल. काकांच्या गाडीत १४.१ आलं. म्हणजे त्यांचा अल्टरनेटर चांगला होता.