‘लोकांना विचारत बसलं की कामं होत नाहीत’ हा दावा कोल्हापुरात टिकत नाही

पावसाळा जवळ आला की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: शहराचं पर्यावरण हा तज्ज्ञांचा विषय आहे, सामान्य माणसाला त्यातलं कळत नाही. विचारत बसलं की कामं लांबतात, कृती समित्या आडव्या येतात. घाण करणारेही लोकच. आणि नगरसेवक निवडून दिलेत, मग वेगळं विचारायचं कशाला? आराखडा सल्लागार आणि अधिकाऱ्यांवर सोडा. शहरावर मनापासून जीव असलेली माणसंही हा मजकूर पुढं पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘लोकांना कळत नाही.’ पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण ४३ फुटांना पाणी नेमकं कुणाच्या उंबऱ्याला लागतं, हे सुतारवाड्यातल्या माणसाला विचारावं लागतं, कारण पूर आला की सगळ्यात आधी त्याचं घर रिकामं करतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीची गोष्ट आणखी वेगळी. तिथं नदी थेट चालून येत नाही. नदी फुगली की शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते मागं दाबलं जातं आणि गणपती रंगवायच्या ऐन दिवसांत मूर्तींच्या रांगांत शिरतं. पाणी कोणत्या बाजूनं, कोणत्या गटारातून आधी वर येतं, हे तिथल्या कारागिरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा पाहिलंय. निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, असं गणित असतं. ज्या शहरानं सोळा वर्षांत तीन महापूर सोसले, तिथं ही रेषा आखताना गल्लीतल्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजायलाच हव्यात. त्या खुणा कुठं आहेत, हे राहणाराच दाखवू शकतो.

जुन्या तळ्यांचंही तेच. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तलाव होता, कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई आहे. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं, कारण तळं बुजलं तरी जमिनीचा उतार बदलला नाही. पावसाच्या पाण्याच्या गटारांचा आराखडा करायचा असेल, तर आसपासच्या ओढ्यांच्या जुन्या वाटा ज्यांना आठवतात ती माणसं शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून आहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी ती नसतील. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त घाई कशाची वाटत असेल, तर ती याची.

यात तज्ज्ञांना कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटरचं) आणि दुधाळीचं १७ एमएलडीचं सांडपाणी केंद्र गल्लीतल्या बैठकीत डिझाइन करता येणार नाही, करूही नये. मात्र पाण्याचे नमुने ठरावीक दिवशी घेतले जातात आणि जयंती नाला रात्री-अपरात्री, मोठ्या पावसात त्याला अडवणारा बांध ओलांडून नदीत जातो. तो नेमका कधी गेला हे काठावर राहणाऱ्याला दिसतं. त्या नोंदी अभियंत्याच्या टेबलावर पोचायची सोय करणं, हे भागीदारीतलं पहिलं काम.

‘बैठकांमुळं कामं लांबतात.’ नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. सभागृह नाही, प्रभाग समित्या नाहीत, कुणाला विचारायची सक्ती नाही. दावा खरा असता तर एवढ्या काळात जयंती नाला पावसाळ्यात नदीत मिसळायचा थांबायला हवा होता. तो थांबला नाही, आणि दोष एकट्या प्रशासकांचा नव्हे. निधी, जागा, निविदा, वीज, यंत्रांची देखभाल ही अडचणींची खरी यादी आहे, आणि तिच्यात लोकांच्या बैठका नाहीत.

उलट अनुभव मात्र शहराकडे आहे. रस्ते विकासाचा प्रकल्प खाजगीकरणातून झाला, टोल लावला गेला आणि सगळं शहर रस्त्यावर उतरलं. वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, अखेर २०१५ च्या शेवटी राज्य सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं आणि रस्त्याच्या खर्चाचा भार सरकारी तिजोरीवर आला. करार करण्याआधी चार-सहा महिने पेठापेठांतून चर्चा झाली असती, तर त्यात गेलेला वेळ नंतरच्या लढ्यापुढं काहीच नव्हता.

‘लोक फक्त विरोध करतात.’ इथं मला राग येतो, कारण या शहरानं केलेली सगळ्यात चांगली गोष्ट या वाक्यात पुसली जाते. गौरी-गणपतीच्या दिवशी पंचगंगा घाटावर उभं राहून बघा. घरातली मूर्ती घेऊन आलेलं कुटुंब आरती करतं आणि मूर्ती नदीत न सोडता काहिलीत, म्हणजे पाणी भरलेल्या मोठ्या कढईत, विसर्जन करून तिथंच देतं. निर्माल्य वेगळं जमा होतं. मोठ्या मूर्ती इराणी खणीकडं, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीकडं, जातात. हे पहिल्या दिवसापासून सोपं नव्हतं. धर्मात ढवळाढवळ म्हणून कार्यकर्त्यांना कडवा विरोध झाला. तरी ते दरवर्षी घाटावर उभे राहिले, शाळकरी मुलं घरी जाऊन आई-बापांशी बोलली, तालमी आणि मंडळं हळूहळू वळली, गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या काहिली ठेवल्या. महापालिकेनं वाहनं, माणसं, कुंड पुरवले. दोन्ही बाजूंनी हात लावला म्हणून हे उभं राहिलं. नुसत्या आदेशानं एवढी घरं वळली नसती.

थेट पाईपलाईनची मागणीही लोकांचीच. काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचलं, त्यामागं कित्येक वर्षांची आंदोलनं होती. पंचगंगेच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात गेलेही नागरिकच.

‘घाण लोकच करतात.’ अर्धं खरं आहे. नाल्यात पिशवी टाकणारा दोषीच. पण २०१२ मध्ये पंचगंगेच्याच काठावरच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ती पाणी पिणारी माणसं होती. दूषित पाण्याचा त्रास ज्याला सोसावा लागतो त्याला उपायाच्या चर्चेतून बाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

‘नगरसेवक आहेत की.’ ७४ व्या घटनादुरुस्तीनं पर्यावरण संरक्षण हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून शहरांकडं दिला, आणि त्याच दुरुस्तीत प्रभाग समित्याही आल्या. राज्यानं २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागाच्या कामांवर एकत्र बसून बोलायचं. ती कागदावरच राहिली. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढं ठेवावा, असं महापालिका अधिनियमात आहे. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं अर्थसंकल्पासाठी सुचवतात. म्हणजे निवडून दिल्यावरही विचारायचं असतं, हे कायद्यानं आणि पुण्यानं दोघांनीही मान्य केलंय.

आराखडा छापून झाल्यावर ‘हरकती व सूचना’ मागवणं ही भागीदारी नव्हे. नकाशावर रेघ ओढण्याआधी विचारलं पाहिजे. आणि कुठं, कधी विचारलं यावर कोण बोलणार ते ठरतं. कामाच्या दिवशी सकाळी अकराला महापालिकेत बैठक ठेवली तर धुणीभांडी करणारी बाई येणार नाही, भाड्यानं राहणारा कामगार येणार नाही, मोठ्या आवाजाची चार माणसं तेवढी येतील. लोकसहभागातला हा दोष खरा आहे आणि तो बैठकीची वेळ व जागा बदलूनच कमी होतो.

नव्या सभागृहाकडं मागणी साधी आहे. या वर्षीचा पर्यावरण अहवाल प्रभागवार लिहा. पूररेषेचा आणि नाल्यांचा मोठा नकाशा संध्याकाळी प्रत्येक पेठेतल्या तालमीत लावा, सुतारवाडा आणि कुंभार गल्लीपासून सुरुवात करा. जी सूचना घेतली तिची तारीख आणि जी नाकारली तिचं कारण विभागीय कार्यालयाच्या फलकावर लेखी लावा.