तांब्याच्या तारेची बदनामी

आमच्या साताऱ्याच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आता तिसऱ्यांदा येऊन पडलाय. मजकूर थोडक्यात असा : 'डायल-अप (फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून जोडायचं जुनं इंटरनेट) स्लो होतं कारण तांब्याच्या तारेतून डेटा हळू पळतो. ५६ लिहिलेल्या मोडेमवर ५ सुद्धा मिळायचे नाहीत, म्हणजे निव्वळ फसवणूक. मिनिटांवर बिल काढता यावं म्हणून सरकारनं स्पीड मुद्दाम दाबला. आणि जोडताना मोडेममधून येणारी ती किंचाळी म्हणजे जुनाट यंत्राची खडखड.' पोवई नाक्याजवळ काही वर्षं मी नेट कॅफे चालवला, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तांबं. घरापासून टेलिफोन एक्सचेंज दोन-तीन किलोमीटरवर. तेवढं अंतर तारेतला संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत कापतो. प्रश्न पळण्याचा नव्हताच, एका वेळी किती माल जातो याचा होता. टेलिफोनची सगळी व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवायचा, बाकीचं एक्सचेंजमध्ये गाळून टाकायचं. बोलणं कळायला तेवढं पुरतं. मोडेम बिचारा कॉम्प्युटरचे आकडे आवाजात बदलून त्याच फटीतून ढकलायचा. फट किती रुंद आणि खरखर किती, यावरून जास्तीत जास्त किती माहिती जाईल याचं गणित अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८ मध्येच मांडलं होतं. चांगल्या लाइनला ते उत्तर सेकंदाला ३५ हजार बिटांच्या (बिट म्हणजे एक ० किंवा १) आसपास येतं. ३३.६ चे, म्हणजे ३३,६०० बिटांचे मोडेम म्हणजे जवळजवळ छताला डोकं टेकलेलं.

तार निर्दोष असल्याचा पुरावा नंतर मिळाला. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं ते घरात आधीपासून असलेल्या त्याच तांब्याच्या जोडीवरून. फक्त एक्सचेंजमध्ये आवाजाची गाळणी लागण्याआधीच डेटा वेगळा काढला जायचा आणि पट्टा ३४०० हर्ट्झऐवजी ११ लाख हर्ट्झपर्यंत वापरला जायचा. फोनशेजारी जी छोटी डबी लावून द्यायचे, ती बोलणं आणि डेटा वेगळे ठेवायला. नवी तार कुणी ओढली नव्हती.

५६ चा हिशोब सरळ आहे. ते किलोबिट, कॉम्प्युटरवर दिसायचे किलोबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठनं भागा, सात येतात, तेही लाइन ठणठणीत असेल तर. मग ३५ चं छत असताना ५६ कसे? डिजिटल एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे ६४ हजार बिट. त्यातले काही खरखरीत जातात, म्हणून ५६, आणि तेही फक्त उतरवताना, कारण पलीकडची बाजू थेट डिजिटल असायची आणि त्या दिशेला आवाजाचे नमुने घेताना होणारी खरखर टळायची. वर चढवताना बहुतेक मोडेमवर ३३.६ च. ४० चा जोड मिळाला तर पाच एमबीच्या गाण्याला १६-१७ मिनिटं. माझ्याकडची पोरं गाणं लावून चहाला जायची.

'सरकारनं मुद्दाम' हा मुद्दा अर्धा मी मान्य करतो. एकीकडे नेटचे तास, दुसरीकडे फोनची पल्स (कॉलच्या बिलाचं माप), दोन्ही खिशातून. ब्रॉडबँडला उशीर झाला, ही तक्रारही रास्त. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट उघडलं आणि ब्रॉडबँडचं धोरण आलं २००४ ला. पण आवाजाची ती फट कुणी इंटरनेट अडवायला बनवली नव्हती, ती त्याच्या कितीतरी आधीची. अमेरिकेतही मोडेम ५६ च्या पुढे गेले नाहीत.

राहिली किंचाळी. ती खडखड नव्हे, दोन मोडेमची बोलणी. लाइनवर किती गोंगाट आहे, प्रतिध्वनी कसा येतोय, कोणता सूर पलीकडे नीट पोचतोय, हे अजमावून ते वेग ठरवायचे. पावसाळ्यात आमच्याकडे हे कानाला कळायचं. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की किंचाळी लांबायची, मग २६ किंवा २१ वर तोडगा. मध्येच जोड सुटायचा. लाइनमन खांबावरची डबी उघडून हिरवी पडलेली टोकं खरवडायचा की त्याच संध्याकाळी ४४. आणि सगळं जमलं असताना कुणी आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचलला की संपलं : "अगं ठेव फोन, नेट चालूय!"